सात शतांशांची फट

टिटवाळा,
४ नोव्हेंबर २०२४

ती. मधुमामा,

भाऊबीजेला नौपाड्यात आले तेव्हा हे विचारायचे राहिले. नीरजामामीने फराळाच्या ताटातून मान वर काढू दिली नाही, आणि शिवाय यंत्राचे बोलणे कागदावरच करायचे, हा तुमचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून हे पत्र. तुमचा जावई सुदेश रोज नोकरीसाठी ठाण्याला येतोच. आपली पत्रे तोच पोहोचवील.

आंबिवलीच्या शेडमध्ये सहा वर्षे मी लोकांच्या मोटरसायकली बदलून, घडवून, रंगवून देते आहे. स्वतःसाठी एकच केली : बाबांची जुनी साडेतीनशे सीसी. फेब्रुवारीत ठाण्यात भरणाऱ्या कस्टम बाइकच्या प्रदर्शनात तिला दोनदा बक्षीस मिळाले, एकदा टाकीसाठी आणि एकदा रंगासाठी. मागच्या वेळी एका परीक्षकाने सांगाड्याचे कौतुक केले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत सुदेशला विचारले, "इंजिन कोणी केलंय?"

सुदेश म्हणाला, "मला विचारू नका, मी चाकात हवा पण पंपावरच्या माणसाकडून भरून घेतो."

सगळे हसले. मी हसू शकले नाही, कारण खरे उत्तर असे होते की इंजिन कोणीच केलेले नव्हते. तीस वर्षांपूर्वी कारखान्यातून आले तसेच ते होते. मी फक्त चकचकीत केले होते.

येत्या प्रदर्शनात इंजिनांचा वेगळा विभाग आहे. काम स्पर्धकाने स्वतः केलेले हवे, त्याची नोंदवही सोबत हवी. परीक्षक प्रश्न विचारणार, गाडी समोर सुरू करायला लावणार आणि चालवूनही पाहणार. मला त्या विभागात उतरायचे आहे. नाहीतर मी कायमची 'रंगवाली बाई' राहीन. इंजिनाचे काम घेऊन लोक आजही माझ्या शेडवरून पुढे कल्याणला जातात.

एकाहत्तर मिलिमीटरचा फोर्ज्ड पिस्टन मागवला आहे. तंत्रशाळेत तुम्ही एकतीस वर्षे इंजिन शिकवलेत. हात सगळे माझेच लागतील. तुम्ही फक्त मला चुकू देऊ नका.

तुमची,
आसावरी

नौपाडा, ठाणे,
९ नोव्हेंबर २०२४

चि. आसावरी,

तुझे पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना मी टेबलावर बोटाने पिस्टनची आकृती काढत होतो, असे तुझी मामी सांगते. "आता महिनाभर या घरात भाजीसुद्धा मापून येणार," हे तिचे पुढचे वाक्य.

क्रमाने जाऊ. इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे तीन गोष्टी करायच्या : आत अधिक मिश्रण घ्यायचे, ते अधिक दाबायचे आणि जळलेला वायू विनाअडथळा बाहेर जाऊ द्यायचा. सत्तरचा सिलिंडर एकाहत्तर केल्याने पहिली गोष्ट थोडी साधते. तुझ्या पिस्टनचा माथा उंच आहे, त्यामुळे दुसरी बरीच साधते. तिसरीसाठी सिलिंडरवरच्या हेडमधले हवेचे मार्ग हाताने साफ करायचे. मार्ग मोठे करण्याच्या मोहात पडू नकोस. केवळ ओतकामाचे उंचवटे घासून काढ. नळी रुंद केली की पाण्याचा जोर मरतो, तसेच हवेचे होते.

आता सर्वांत नाजूक भाग. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर पिस्टन फुगतो. सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचा. पिस्टन खालच्या भागात, त्यातून आडव्या जाणाऱ्या पिनच्या काटकोनात मोजायचा. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोज, म्हणजे तापमानाचा फरक मध्ये येणार नाही. फट सात शतांश मिलिमीटर ठेव. पिस्टनच्या पेटीतल्या कागदावर अधिक लिहिले असेल. तिकडे फार लक्ष देऊ नकोस. तक्रारी येऊ नयेत म्हणून उत्पादक नेहमी सैल आकडा देतात, आणि सैल पिस्टन थंड इंजिनात खडखडतो. खडखडणारे इंजिन परीक्षकांपुढे न्यायचे नाही.

सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून मापात रुंद करायला, कल्याणच्या गुणाजीकडे जा. माझ्या १९९४च्या तुकडीतला आहे. हात अतिशय स्वच्छ.

मधुमामा

आंबिवली,
१ डिसेंबर २०२४

ती. मधुमामा,

गुणाजींनी सिलिंडर बोअर करून दिला. तुमचे नाव सांगताच त्यांनी यंत्रावरचा हातातला जॉब उतरवला आणि माझा चढवला. "सरांचा जॉब म्हणजे परीक्षाच," म्हणाले, आणि पैसे घ्यायला दहा मिनिटे नकार देत राहिले.

सहा ठिकाणी मापे घेतली. फट सात शतांश, सगळीकडे. हेडचे मार्ग, म्हणजे पोर्ट, पाच संध्याकाळी घासले. काल इंजिन जोडून सांगाड्यात बसवले आणि आज सकाळी दुसऱ्या किकला सुरू झाले. आवाज इतका गोळीबंद आहे की शेजारच्या गॅरेजमधला महिपत पाना हातात घेऊन बघायला आला आणि तसाच उभा राहिला. "ताई, घड्याळ बसवलंय काय आत?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "सात शतांश बसवलेत."

उद्यापासून ताशी पन्नासच्या आत चालवून इंजिन मुरवायला घेते.

आसावरी

नौपाडा,
५ डिसेंबर २०२४

चि. आसावरी,

महिपतरावांचे उद्गार मी मामीला वाचून दाखवले. तिने दुसऱ्यांदाही ऐकून घेतले, यावरून काय ते समज.

आता मुरवण्याचे दिवस. वेग एकसारखा ठेवू नकोस, कमीजास्त करत राहा; दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन निवू दे. शंभर किलोमीटर झाले की स्पार्क प्लग काढून सुदेशच्या हाती माझ्याकडे पाठव. इंजिनाच्या आत डोकावण्याची ती एकमेव खिडकी आहे. टोक पांढरे असेल तर इंजिन उपाशी आहे, काळे असेल तर अधाशी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तपकिरी असेल तर सुखी. तंत्रशाळेत मी मुलांना प्लग पाहून इंजिनाची हकिकत लिहायला लावत असे. एकतीस वर्षांची ती सवय हाताला अजून आहे.

वाट पाहतो.

मधुमामा

टिटवाळा,
१९ डिसेंबर २०२४

ती. मधुमामा,

उत्तराला उशीर झाला. शेडमध्ये कामे होती.

प्लग सोबत पाठवला आहे.

एक प्रश्न दुसऱ्याच गाडीविषयी. सुदेशच्या एका मित्राने माझ्यासारखाच फोर्ज्ड पिस्टन बसवला होता. साठ किलोमीटर चालल्यावर इंजिन पकडले, म्हणजे पिस्टन आत अडकून सीझ झाले, आणि मागचे चाक जागीच थांबले. क्लच दाबल्यामुळे तो पडला नाही. आत पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे आहेत, पिनच्या दोन्ही बाजूंना दोन दोन. तेल होते, मिश्रणही ठीक होते. कशामुळे झाले असेल?

आसावरी

नौपाडा,
२२ डिसेंबर २०२४

चि. आसावरी,

सुदेशने डबी दारातच दिली आणि चहालाही न थांबता निघाला. वर्षअखेरीचा त्याच्या कंपनीतला गोंधळ मी समजू शकतो. प्लग उद्या उन्हात नीट पाहतो; दिव्याच्या उजेडात रंग फसवतात.

त्या मित्राचा प्रश्न मात्र फार सुंदर आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी. ओरखडे एकाच बाजूला असते तर मी तेलाला दोष दिला असता. माथ्याजवळ असते तर मिश्रणाला. पण पिनच्या दोन्ही बाजूंना दोन दोन, ही सही फार स्पष्ट आहे. पिनभोवती धातू जाड असतो, तो जास्त फुगतो आणि नेमका त्या चार जागी भिंतीला जाऊन भिडतो. अर्थ एकच : फट कमी पडली.

कमी का पडली, हे मला सांगता येईना, म्हणून काल ग्रंथालयात जाऊन धातुशास्त्राची दोन जाड पुस्तके चाळली. ओतीव पिस्टनच्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असते, म्हणून तो कमी फुगतो. घडीव पिस्टन, म्हणजे तुमचा फोर्ज्ड, दाबाखाली घडवता यावा म्हणून त्यात सिलिकॉन कमी ठेवतात. तो अधिक मजबूत, पण फुगतोही अधिक. त्याला ओतीवाच्या दीडपटीहून अधिक फट लागते. हे त्याच्या पेटीतल्या कागदावर लिहिलेले असणारच. ज्या फिटरने तो कागद बाजूला ठेवून आपला जुना आकडा दडपला, त्याने रस्त्यावर एका माणसाचा जीव धोक्यात घातला. त्याला माझ्याकडे पाठव. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मधुमामा

नौपाडा,
२४ डिसेंबर २०२४

आसावरी,

काल सकाळी गच्चीत प्लग पाहिला. रंग तपकिरी, निर्दोष. पण त्याचे आटे लांब आहेत, आणि तुझ्या इंजिनाच्या हेडला आखूड आट्यांचा प्लग लागतो. लांब आट्यांचा प्लग त्यात घातला तर पिस्टनच्या उंच माथ्यावर आदळेल. म्हणजे हा तुझ्या गाडीचा नाही. सुदेशच्या रोजच्या गाडीचा असावा.

मग मी खाली आलो आणि तुझे १९ तारखेचे पत्र पुन्हा वाचले. स्वतःच्या इंजिनाविषयी त्यात एक ओळ नाही. सुदेशच्या मित्राच्या गाडीविषयी मात्र ओरखड्यांच्या जागांसकट सगळे आहे. पकडलेल्या इंजिनाचा पिस्टन पिनच्या दिशेने वाचणारा मित्र सुदेशला असता, तर तो पंपावर हवा भरायला गेला नसता.

सात शतांश मी लिहिले. पेटीतला कागद बाजूला ठेव, असेही मीच लिहिले. एकतीस वर्षांत आमच्या कार्यशाळेत घडीव पिस्टन एकदाही आला नाही, आणि जे कधी हाताळले नाही त्याचा आकडा मी तुला फळ्यावर लिहावा तसा लिहून दिला. दोन शब्द बोलायला ज्या फिटरला बोलावले होते, तो रोज सकाळी माझी दाढी करतो.

तुला लागले आहे का? फोनवर तू नाहीच म्हणशील, म्हणून एवढेच आधी लिहून कळव. तुझे उत्तर येताच मी आंबिवलीला येतो आणि इंजिन पुन्हा उभे करतो.

मधुमामा

टिटवाळा,
२६ डिसेंबर २०२४

ती. मधुमामा,

मला काहीही लागलेले नाही. खडवलीच्या रस्त्यावर, दुपारी, साधारण पंचेचाळीसच्या वेगात हे झाले. इंजिनाचा आवाज अचानक जड झाला, माझा हात आपोआप क्लचवर गेला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला शांतपणे जाऊन थांबली. महिपत टेम्पो घेऊन आला. गाडी वर चढवताना म्हणाला, "ताई, घड्याळ बंद पडलं." एरवी मी त्याला सोडले नसते.

तुम्हाला कळवले नाही, कारण तुम्ही स्वतःला दोष द्याल हे ठाऊक होते. प्लग सुदेशचाच. तो बिचारा डबी घेऊन निघताना म्हणाला होता, "मामांना कळणार." मी म्हटले, "प्लग तर प्लगसारखाच दिसतो." तुमच्या भाचीने हे वाक्य उच्चारले, याची मला चुकीहून जास्त लाज वाटते.

आता सगळेच सांगते. बोअर करताना गुणाजींनी विचारले होते, "पेटीतला कागद काय म्हणतो?"

मी म्हटले, "अकरा ते तेरा."

"आणि सर?"

"सात."

ते यंत्राकडे वळले आणि म्हणाले, "मग सात. सर म्हणाले ना." मीही तेच म्हणाले. बावीस वर्षे स्वतःचे दुकान चालवणारा माणूस आणि सहा वर्षे शेड चालवणारी मी, दोघांच्या हातात बरोबर आकडा लिहिलेला कागद होता, आणि आम्ही दोघांनी तो घडी घालून ठेवला. इंजिन सर्वस्वी माझे म्हणून दाखवायला मी निघाले होते आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी घेतलाच नव्हता.

म्हणून एक विनंती, आणि ती रागाने केलेली नाही. तुम्ही येऊ नका. आता तुम्ही उभे केलेत तर फेब्रुवारीत परीक्षकांपुढे मी पुन्हा दुसऱ्याचेच इंजिन घेऊन उभी राहीन. मला फक्त एवढे सांगा : लोखंडी भिंतीला चिकटलेले अॅल्युमिनियम कसे काढायचे? पुढचे मी ठरवीन आणि तुम्हाला कळवीन.

आसावरी

नौपाडा,
२८ डिसेंबर २०२४

चि. आसावरी,

येत नाही. पिशवी भरली होती, मामीने ती रिकामी केली आणि म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी तुम्हाला नको म्हणालं." तुझ्या पत्रातले प्रत्येक वाक्य योग्य आहे. ते मान्य करायला मला दोन दिवस लागले, हेही नोंदवून ठेवतो.

विचारलेस तेवढेच सांगतो. कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्याने फक्त डागांवर लाव. सोडा अॅल्युमिनियम खातो आणि लोखंडाला शिवत नाही. फेस थांबला की डाग संपला. भरपूर पाण्याने धुऊन लगेच तेल लाव, नाहीतर तासाभरात गंज धरेल. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नकोस. पिस्टनवर मात्र त्याचा एक थेंबही पडता कामा नये.

नोंदवहीत ही घटना लपवू नकोस. चूक का झाली ते लिहायच्या रकान्यात माझे पूर्ण नाव, हुद्दा आणि तंत्रशाळेतील सेवेची वर्षे लिही. ही सूचना समजू नकोस, मागणी समज.

मधुमामा

टिटवाळा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. मधुमामा,

तुम्ही प्रदर्शनाला आला नाहीत, ते मुद्दामच, हे मला कळले. म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

डाग निघाल्यावर सिलिंडरवर बारीक रेघा उरल्या होत्या. त्या जाईपर्यंत होनिंग, म्हणजे आतून बारीक घासकाम, करायचे ठरवले आणि गुणाजींना आधीच बजावले, "या वेळी मी सांगेन तिथे थांबायचं." रेघा गेल्या तेव्हा फट मोजली : बारा शतांश. ज्या चुकीने सिलिंडर खरवडला, ती पुसतानाच तो योग्य मापाला आला. गुणाजींनी माप पुन्हा एकदा घेऊन पाहिले. मग त्यांनी पेटीतला तो कागद मागून घेतला आणि यंत्राच्या वरच्या भिंतीला चिकटवला. पिस्टनचे ओरखडे मी बारीक पॉलिश पेपरने उतरवले, रिंगा नव्या घातल्या, आणि महिनाभरात आठशे किलोमीटर चालवली. आखूड आट्यांचा खरा प्लग या डबीत आहे. बिस्किटाचा रंग तुम्हीच ठरवा.

शनिवारी परीक्षक आले. तिघे होते, मुख्य परीक्षक देवयानी नावाच्या इंजिनियर बाई, चष्मा कपाळावर आणि हातात टॉर्च. थंड इंजिनाला किक मारली आणि ते खडखडले. आजूबाजूला चार माणसे पुढे सरकली. तिघांतला एक परीक्षक म्हणाला, "पिस्टन वाजतोय, मॅडम. बोअर सैल झालाय."

मी म्हटले, "वाजणारच. पिस्टन घडीव आहे, थंड असताना तो लहान असतो. तीन मिनिटं थांबा."

"आणि नाही थांबला तर?"

"तर तुमचं बरोबर."

मामा, तीन मिनिटे फार मोठी असतात. त्या वेळात मी त्यांना सिलिकॉन सांगितले, ओतीव आणि घडीव सांगितले, पिनजवळचा जाड धातू सांगितला. दुसऱ्या मिनिटानंतर आवाज विरत गेला आणि तिसऱ्याला इंजिन एकसुरी चालू लागले. देवयानीबाईंनी घड्याळ पाहिले नाही. त्या नोंदवही वाचत होत्या.

"साठ किलोमीटरवर सीझ?" त्यांनी विचारले.

"हो."

"फट सात? कागद हातात असताना? कोणी ठरवली?"

त्या रकान्यात मी तुमचे नाव लिहिलेले नाही. तुमची मागणी मी मोडली. तिथे असे लिहिले आहे : 'निर्मात्याने उत्पादकाचे माप वाचले होते आणि वापरले नाही. निर्णय निर्मात्याचा.' इंजिन माझे असेल तर सातही माझे, बाराही माझे. त्यातले हवे तेवढे उचलता येत नाही. मी त्यांना सांगितले, "मीच."

त्यांनी मान हलवली, हेल्मेट मागितले आणि स्वतः गाडी घेऊन मैदानाला चार फेऱ्या मारल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "खालून, कमी वेगातच, छान ओढते. पोर्ट मोठे नाही केलेत, शहाणपणा केलात." तो शहाणपणा तुमचा होता आणि तसे मी तिथल्या तिथे सांगितले.

दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्याला मिळाला त्याचे काम माझ्याहून खरोखर चांगले होते. मी अर्धा तास त्याच्या हेडजवळ बसून शिकून घेतले. प्रमाणपत्रावर 'इंजिन बांधणी' या शब्दांपुढे माझे नाव आहे. सुदेशने त्याचा फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना पाठवला, उलटा.

आसावरी

नौपाडा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. आसावरी,

प्लग पाहिला. इंजिन सुखी आहे.

माझी मागणी तू मोडलीस, त्याबद्दल रागवावे म्हणून मी कागद घेतला होता. तुझे ते वाक्य पुन्हा वाचले आणि राग लिहायला जमले नाही. मामी म्हणते, एकतीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही म्हणून मी गप्प आहे. तिला मी दुरुस्त केलेले नाही.

आता कामाचे. परवा डोंबिवलीचा देवराम आला होता, माझ्या २००१च्या तुकडीतला. त्याच्याकडे एक जुळ्या सिलिंडरचे इंजिन आहे, दोन घडीव पिस्टन आणले आहेत आणि मालकाला ते पावसाळ्यापूर्वी हवे आहे. सवयीप्रमाणे वही उघडून, पेन हातात धरून तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सर, फट किती ठेवू?"

मी त्याला चहा दिला आणि तुझ्या शेडचा पत्ता दिला. तो थोडा गोंधळला. म्हणाला, "सर, पण तिथे तर गाड्या रंगवतात ना?" मी म्हटले, "रंगवतातही."

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो दोन्ही सिलिंडर, पिस्टन आणि पेटीतले कागद घेऊन तुझ्याकडे येईल. हात चांगला आहे, पण ऐकतो फार. त्याच्याकडून कागद मोठ्याने वाचून घे. मी त्याला आकडा सांगितलेला नाही.

तो तू सांग.

मधुमामा